त्याच जागी पुन्हा पोपडे: वाड्याच्या चुनेगच्ची भिंतीचं दुखणं कुठून शोधायचं

दसरा उलटला की पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांतून एकच तक्रार येऊ लागते. पावसाळाभर भिंत तशी बरी होती, जरा ओलसर दिसायची एवढंच. ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि कोनाड्याखालचा गिलावा फुगला, रंगाचे पापुद्रे सुटले, आता रोज सकाळी जमिनीवर पांढरी भुकटी पडलेली असते. मागच्या वर्षीच गवंड्याकडून नीट करून घेतलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही घेतलं होतं. जागा दर वेळी तीच, फार तर वीतभर वर सरकलेली.

यावर दोन निदानं ठरलेली असतात. एक, गवंडी चांगला मिळाला नाही. दोन, चुना आता म्हातारा झाला, सगळा काढून सिमेंट करून टाका. पहिलं क्वचित खरं असतं. दुसरं बहुतेक वेळा चूक असतं आणि त्यापायी दीडदोनशे वर्षांचं नक्षीकाम ढिगाऱ्यात जातं. पोपडा पडतो तिथे दोष असतोच असं नाही. तिथून भिंतीतलं पाणी बाहेर पडत असतं. पाणी भिंतीत कुठून शिरतं आणि कुठून उडून जातं, हे दोन्ही कळल्याशिवाय केलेली डागडुजी पुढच्या दसऱ्यापर्यंतच टिकते.

ही भिंत कशी बांधलेली असते

देशावरच्या वाड्याचं जोतं काळ्या दगडाचं, त्यावर विटांचं काम, आणि वरच्या मजल्यावर बऱ्याचदा पांढऱ्या मातीचे भेंडे, म्हणजे न भाजलेल्या विटा. मध्ये सागवानी खांब आणि तुळया. भिंत दोन-अडीच फूट जाड असली तरी ती एकसंध नसते. दोन बाजूंना नीट रचलेले थर आणि पोटात चिखल, खडे, विटांचे तुकडे. त्यावर चुन्याचा जाड गिलावा, त्यावर बारीक चुन्याचा घोटलेला पातळ थर, आणि त्याच चुन्यातून घडवलेल्या महिरपी, कमळं, वेलबुट्टीच्या पट्ट्या. यालाच आपल्याकडे चुनेगच्ची काम म्हणतात.

या बांधणीत ओल अडवणारा थर कुठेच नाही, आणि जुन्या गवंड्यांनी तो विसरून सोडला असंही नाही. जमिनीतून थोडं पाणी वर चढणार हे त्यांनी धरलेलंच होतं. ते पाणी चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून दोन्ही बाजूंनी उडून जायचं आणि भिंत आपला तोल सांभाळायची. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने इंग्लंडात घेतलं ते १८२४ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, नानावाडा यांच्या काळातली प्रत्येक भिंत सिमेंटशिवाय उभी राहिली. बिघाड सुरू झाला तो आपण तिची छिद्रं बुजवायला लागलो तेव्हा.

पावसात नाही, पावसानंतर का

हे समजलं की अर्धं काम झालं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जमिनीतलं पाणी चढतं तेव्हा ते एकटं येत नाही, क्षार बरोबर घेऊन येतं. मीठ, सल्फेट, नायट्रेट. मीठ आणि नायट्रेट जमिनीतून, मोरीच्या पाण्यातून, जुन्या संडासातून येतात. सल्फेट विटांत असतं आणि सिमेंटातूनही मिळतं. वाड्याच्या ज्या बाजूला पूर्वी गोठा किंवा पागा होती, तिथली भिंत नायट्रेटने भरलेली असते आणि जनावरं जाऊन पिढ्या लोटल्या तरी ते तिथेच राहतं.

साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बराच काळ त्याच्याही वर असते, म्हणून पावसाळाभर क्षार भिंतीत द्रवरूपात पडून राहतात. भिंत नुसती काळसर दिसते, पडत काही नाही. पाऊस सरला, हवा कोरडी झाली, की तेच पाणी पृष्ठभागाकडे येऊन उडून जातं आणि क्षार मागे राहून त्यांचे स्फटिक होतात. स्फटिकाला जागा लागते. छिद्रात ती मिळाली नाही की तो छिद्राची भिंत फोडतो. सोडियम सल्फेट तर कोरड्या रूपातून पाणी धरलेल्या रूपात जाताना तिपटीहून जास्त फुगतं. गिलाव्याला हा दाब आतून बसतो आणि पापुद्रा सुटतो. यालाच घरात ‘लोणा लागला’ म्हणतात.

नायट्रेटचा त्रास वेगळा. कॅल्शियम नायट्रेट पन्नास-पंचावन्न टक्के आर्द्रतेलाही पाणी ओढतं. त्यामुळे ती भिंत जवळजवळ बारा महिने ओली दिसते आणि लोक नळ गळतोय म्हणून फरशा उखडत बसतात.

हात लावण्याआधी भिंत वाचा

डागडुजीचा गवंडी येण्याआधी एक काम घरच्याने करावं. पेन्सिल घेऊन ओलीची आजची वरची कड भिंतीवर फिकट रेघेने आखा आणि शेजारी तारीख घाला. जुलैत एकदा, ऑक्टोबरात एकदा, फेब्रुवारीत एकदा. भिंतीवर चित्र असेल तर रेघ भिंतीवर मारू नका, मोबाईलवर फोटो काढा आणि जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेवा. वर्षभराच्या या नोंदी कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा जास्त सांगतात.

ओलीची कड जमिनीशी जवळजवळ समांतर, तीन-चार फुटांवर, आणि त्या कडेवर क्षारांची पट्टी असेल तर पाणी खालून चढतंय. ओल वरून खाली ओघळल्यासारखी, वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर कौलांत, पन्हळीत किंवा गच्चीच्या कोपऱ्यात बघा. मधेच गोल डाग असेल आणि तो पावसाशी संबंध न ठेवता वाढत असेल, तर मागे मोरी किंवा नळाचा पाइप आहे. भाड्याने दिलेल्या खोल्यांमधून जिथे जागा मिळेल तिथे मोऱ्या काढल्या गेल्या आणि त्यांचे पाइप चुन्याच्या भिंती फोडून नेले गेले. अशी मोरी शोधायला सोपा उपाय: तिच्यात रंग कालवलेलं पाणी सोडा आणि दुसऱ्या बाजूला एक-दोन दिवस लक्ष ठेवा.

आता ओलीशी संबंध नसलेल्या खुणा, कारण त्या ओलीच्या खात्यात टाकल्या तर सगळे उपाय वाया जातात.

खणाच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या, अंतराने सरळ उभ्या भेगा पडत असतील तर त्यामागे सागाचा खांब आहे. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, गिलावा तसं करू शकत नाही. जुने कारागीर खांबाला काथ्या गुंडाळून त्यावर चुना चढवत. नंतरच्या दुरुस्तीत काथ्या गेला आणि भेग आली. इथे भेग पुन्हा पुन्हा बुजवण्यात अर्थ नाही. खांबाच्या दोन्ही बाजूंना वीतभर गिलावा काढून, लाकूड तपासून (वाळवी इथेच असते), काथ्या किंवा तागाची जाळी घेऊन थर पुन्हा भरायचा.

चुन्याच्या नव्या कामावर मसुराच्या डाळीएवढे खड्डे पडत असतील आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका असेल, तर चुना नीट विरला नव्हता. कच्चा राहिलेला कण भिंतीत शिरल्यावर हळूहळू विरतो आणि वरचा गिलावा उडवतो. हे महिनोन्‌महिने चालू राहतं. यात भिंतीचा दोष नाही.

बारीक भेगांची जाळी पडली असेल तर चुना जास्त किंवा थर फार लवकर वाळला. एप्रिलमध्ये केलेल्या कामांवर ही हमखास दिसते.

घरी करता येण्याजोग्या चाचण्या

भिंतीवरची पांढरी भुकटी चिमूटभर घेऊन वाटीतल्या पाण्यात टाका. विरघळली तर क्षार. तळाशी बसली आणि त्यावर व्हिनेगर टाकल्यावर फसफसली तर चुना, म्हणजे गिलावाच कमजोर होऊन झडतोय. दोन्ही थोडं थोडं झालं तर दोन्ही आहेत, आणि वाड्यांत बहुतेकदा हेच उत्तर येतं.

बोटाच्या पेराने भिंत ठोकत जा. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यांतला फरक दोन मिनिटांत कानाला कळतो. पोकळ जागांभोवती खडूने हलकी रेघ ओढून नकाशा करा. पोकळ म्हणजे पाडायलाच हवं असं नाही, त्याबद्दल पुढे.

हातभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बसवा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी आतून येतंय, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ थंड भिंतीवर बसतेय. ही चाचणी साध्या भिंतीवरच करा, रंगकामावर चिकटपट्टी लावू नका.

रंगाऱ्याकडे हल्ली दोन टोकांचं ओल मोजायचं यंत्र असतं. क्षारांनी भरलेल्या भिंतीत ते फसतं, कारण क्षार वीज वाहून नेतात आणि काटा उगीच वर जातो. खात्री हवी असेल तर भिंतीत तीन उंचींवर ड्रिलने बारीक भोक पाडून, पहिला अर्धा इंच सोडून आतली भुकटी वेगवेगळ्या डब्यांत घट्ट झाकून ठेवा. सोनाराच्या काट्यासारख्या नाजूक काट्यावर वजन करा, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवा, पुन्हा वजन करा. खालचं भोक ओलं आणि वरचं कोरडं निघालं तर पाणी जमिनीतून येतंय. सगळीकडे सारखीच थोडी ओल निघाली तर क्षारच हवेतून पाणी ओढताहेत.

टाइल्सच्या वरचा कोनाडा

शनिवार पेठेतल्या एका वाड्याच्या माजघरात एकाच भिंतीत तीन कोनाडे आहेत. तिन्हींना पाकळ्यांच्या महिरपी, टोकाला उमललेलं कमळ, आणि कडेने बोटभर रुंदीची वेल, सगळं चुन्यात. खाली चार फुटांपर्यंत चकचकीत टाइल्स, मागच्या पिढीत कधीतरी बसवलेल्या. तक्रार अशी की उजवीकडच्या दोन कोनाड्यांचे तळ दरवर्षी झडतात आणि आता वेलीची खालची पानं गळायला लागली आहेत. घरच्यांना संशय छपराचा होता.

जवळून पाहिलं तर झड टाइल्सच्या वरच्या कडेपासून बरोबर वीतभर उंचीवर सुरू होत होती आणि पट्टीने आखल्यासारखी सरळ चालली होती. छपराचं पाणी अशी रेघ आखत नाही. डावा कोनाडा मात्र शाबूत होता. त्याच्या पाठीमागे जिन्याखालचं कपाट होतं आणि त्या बाजूची भिंत कुणी कधी लिंपलीच नव्हती, उघड्या विटा तशाच होत्या. तिथे पाण्याला मागून बाहेर पडायला वाट होती, म्हणून पुढचा कोनाडा वाचला. उरलेल्या दोन कोनाड्यांमागच्या खोलीत सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक पेंट होता.

टाइल्सचा एक पट्टा काढला तेव्हा मागच्या विटा बोटाने कोरता येतील इतक्या भिजलेल्या निघाल्या. दोन्ही बाजूंनी कोंडलेलं पाणी वर चढत चढत जिथे पहिल्यांदा चुना लागला तिथून बाहेर पडत होतं, म्हणजे थेट महिरपीच्या तळातून. चार फूट टाइल्स लावल्या म्हणून नुकसान साडेचार फुटांवर गेलं. सहा फूट लावल्या असत्या तर कमळच गेलं असतं.

मूळ पाणी येत होतं बाजूच्या बोळातून. डांबराचे आणि काँक्रीटचे थर चढत चढत बोळ जोत्याच्या वर आला होता. पेठांमध्ये हे फार ठिकाणी झालंय. ज्या दारात पूर्वी दोन पायऱ्या चढून जायचं, तिथे आज सपाट पाऊल पडतं.

पाण्याचा बंदोबस्त आधी

तेव्हा पहिला खर्च भिंतीबाहेर करायचा. पन्हळी स्वच्छ आणि अखंड आहेत का, त्यांचं पाणी भिंतीपासून दूर जातं का, कौलं सरकली आहेत का. जोत्यालगत फूट-दीड फूट रुंदीचा चर काढून त्यात खडी भरली आणि त्याला उतार दिला तर भिंतीचा पाया मोकळा होतो. चर पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नका आणि पावसाळ्यात तर मुळीच खणू नका. आतल्या चौकात शहाबादी काढून सलग काँक्रीट घातलं असेल तर तेही एक मोठं कारण असतं. जमिनीची वाफ चौकातून निघू शकत नाही, म्हणून ती भिंतीतून चढते. काँक्रीट काढून फरशी वाळूवर आणि चुन्याच्या सांध्यांवर पुन्हा बसवली की फरक दिसतो.

जुन्या पुण्यात आणखी एक जागा बघायला हवी. कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात भूमिगत नळाने पाणी आणून शहरात हौद भरले गेले, वाड्यांतही हौद आणि आड होते. यातले बरेच नंतर डबर टाकून बुजवले गेले. बुजवलेला आड पावसाळ्यात भरतो आणि शेजारच्या भिंतीला पाणी पुरवत राहतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना आड कुठे होता ते विचारा.

नदीकाठच्या पेठांत १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर हीसुद्धा एक खूण आहे. त्या पुरातून वाचलेल्या भिंतींचा खालचा भाग नंतर कुठे सिमेंटने, कुठे डबराने भरून काढलेला सापडतो. तुमच्या भिंतीत ठरावीक उंचीखाली सगळं काम वेगळंच लागलं तर हे कारण तपासा.

जमिनीतून चढणारी ओल अडवायचं रसायन भिंतीत भोकं पाडून भरण्याचा उपाय हल्ली सुचवला जातो. एकसंध विटांच्या भिंतीत त्याचा उपयोग होतो. आपल्या भिंतींच्या पोटात चिखल आणि पोकळ्या असतात, रसायन सलग थर धरत नाही, पैसे मात्र जातात.

काढणं आणि थांबणं

ओलीच्या कडेच्या वर आणखी हात-दीड हातपर्यंतचा सिमेंट गिलावा, पुट्टी, टाइल्स काढा. ब्रेकर लावू नका. कडा ग्राइंडरने उथळ कापून घ्या आणि छन्नी-हातोड्याने हळूहळू काढा. सिमेंट विटेला इतकं घट्ट धरतं की घाई केली तर विटेचा चेहराच निघून येतो. ओलीपासून लांब, कोरड्या भागात सिमेंट घट्ट बसलेलं असेल तर ते राहू द्या. ते काढताना जेवढं नुकसान होईल तेवढं ते ठेवल्याने होणार नाही, असं माझं मत आहे.

उघड्या विटांवर आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, धुतलं की क्षार परत आत जातात. झाडलेली भुकटी आणि निघालेला गिलावा चौकातल्या कुंड्यांत किंवा भिंतीलगत टाकू नका, वाड्याबाहेर न्या. त्या भुकटीतले क्षार पहिल्याच पावसात परत भिंतीत येतात.

मग भिंत उघडी ठेवा. हे कुणालाच पटत नाही, पण इथेच सगळं अवलंबून असतं. जाड भिंत वाळायला ठोकताळा असा की साधारण इंचाला एक महिना. अडीच फुटांची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी वर्ष-सव्वा वर्ष घेते. निदान एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा जाऊ द्या. क्षार फार असतील तर मधल्या काळात चुना आणि जाड वाळूचा एकास चार असा कमजोर थर मारा, तो क्षार शोषून घेईल. सहा-आठ महिन्यांनी तो काढून फेकायचाच असतो. घरात लग्नकार्य असेल आणि भिंत झाकायचीच असेल तर हाच थर मारून वर चुन्याची सफेती करा. पीओपी करून घेऊ नका. पीओपी ओलीत मऊ पडतं, आणि त्यातलं सल्फेट म्हणजे भिंतीत आणखी क्षार.

नवा चुना

कळीचा चुना चांगल्या ठिकाणचा घ्या. नक्षीच्या आणि शेवटच्या थरासाठी आयएस ७१२ या चुन्याच्या भारतीय मानकातला सी वर्गाचा, म्हणजे शुद्ध मऊ चुना. तो भरपूर पाण्यात विरवून, बारीक चाळणीतून गाळून, वर पाणी ठेवून निदान काही आठवडे मुरू द्या. तीन-चार महिने मुरला तर लोण्यासारखा होतो आणि मघाशी सांगितलेले खड्डे पडत नाहीत. पिशवीतल्या कोरड्या भुकटीने हे काम होत नाही.

वाळू खाडीची नको, तिच्यात मीठ असतं. दगडाची चुरी वापरायची तर धुऊन, कारण तिच्यातलं बारीक पीठ भेगा पाडतं. बोअरचं खारं पाणीही टाळा.

पहिला थर एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग वाळू. सुरखी कमी भाजलेल्या जुन्या विटांची हवी. ती ओलीतही चुन्याला धरायला मदत करते. या थराची जाडी बोटापेक्षा कमी ठेवा. खोल खड्डा असेल तर विटांचे तुकडे चुन्यात बसवून आधी भरून घ्या. दुसरा थर चुना-वाळू एकास तीन, त्याहून पातळ, लाकडी रंध्याने खरबरीत सोडलेला. दोन थरांत आठवडा-दोन आठवडे अंतर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडीचा दगड होतो आणि त्याला ओल लागते. म्हणून ओलं गोणपाट टांगून ठेवा, दिवसातून दोन-तीनदा फवारा मारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला.

गूळ, हिरडा, बेलफळ घालायची आपली जुनी रीत आहे आणि ती उपयोगी आहे. चुना मऊ चालतो, पाणी कमी लागतं. पण प्रमाण जुन्या कारागिराकडूनच घ्या. गूळ जास्त झाला तर पहिल्याच पावसाळ्यात भिंतीवर काळी बुरशी धरते आणि पुन्हा चुन्याला बोल लागतो.

वरचा थर मुरलेला चुना आणि बारीक संगमरवरी भुकटी, समसमान, दोन-तीन मिलिमीटर. घोटायची वेळ नेमकी साधावी लागते. बोट लावलं तर ठसा उमटतो पण चुना बोटाला चिकटत नाही, तेव्हा सुरुवात करायची. आधी करणीने, मग गुळगुळीत गारगोटीने किंवा अकीकाच्या दगडाने. पोलादी करणी जास्त वेळ फिरवली तर काळे ओरखडे पडतात, ते नंतर निघत नाहीत. घोटाई एका खणात एका दमात पुरी करावी लागते, मध्ये चहाला उठलात तर जोड कायमचा दिसतो.

महिरपीची झडलेली कड भरताना शाबूत बाजूवरून पत्र्याचा साचा कापून घ्या आणि ओल्या चुन्यावर तो फिरवून आकार काढा. वेल, पानं, कमळ हातानेच. थोडं थोडं चढवत, खालचा थर जरा आवळला की वरचा. नवी पानं जुन्या पानांइतकीच सुटसुटीत ठेवा, जास्त रेखीव केली की ठिगळ दिसतं. जे उरलंय ते आधी वाचवायचं, नसेल तेवढंच नवं करायचं. माजघरातल्या त्या कोनाड्यांत वेलीची फक्त गळालेली पानं नव्याने घातली. उजव्या कोपऱ्यातलं एक पान अर्धं जुनं, अर्धं नवं आहे.

पोकळ वाजणारी पण पडलेली नसलेली नक्षी पाडू नका. कडेला किंवा आधीच असलेल्या भेगेतून बारीक भोक घेऊन सुईने आत थोडं पाणी आणि अल्कोहोल सम प्रमाणात सोडायचं, मग गाळलेल्या चुन्याचं पातळ दूध भरत जायचं. बाहेरून मऊ कापडाची गादी लावलेली फळी टेकवून हलका दाब ठेवायचा. ज्या हातांनी हे आधी केलंय त्यांच्याकडूनच करून घ्या, आणि पहिल्यांदा कोपऱ्यातल्या एका लहान जागेवर.

रंग

घोटीव भाग रंगवायचाच नसतो. बाकी भिंतीला चुन्याची सफेती, पातळ, चार-पाच हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. सफेती टिकावी म्हणून तिच्यात मूठभर मीठ टाकायची सवय सगळीकडे आहे. लोणा लागलेल्या भिंतीला आपल्या हाताने मीठ देऊ नका. प्लास्टिक पेंट, ऑइल पेंट, पांढऱ्या सिमेंटची पुट्टी आणि ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं काहीही या भिंतीवर नको. सगळं नीट करून शेवटी रंगाऱ्याने एक हात पुट्टी मारल्यामुळे काम फुकट गेलेलं पाहिलंय, म्हणून गवंड्याइतकंच रंगाऱ्यालाही समजावून सांगा.

भिंतीवर चित्रं असतील तर इथवर सांगितलेलं चित्राच्या भागात करू नका. मेणवलीच्या नाना फडणिसांच्या वाड्यात आणि वाईच्या मोतीबाग वाड्यात आहेत तशी भित्तिचित्रं लहान वाड्यांतही एखाद्या दिवाणखान्यात सफेतीच्या थराखाली निघतात. सफेती खरवडताना रंगाची कड दिसली की थांबा. पाण्याचा हातही फिरवू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेचे जाणकारही आहेत. त्यांना फोटो पाठवून विचारा. वाडा वारसा यादीत असेल तर महापालिकेच्या हेरिटेज विभागाची परवानगी काम सुरू होण्याआधीच घ्यावी लागते.

काम झाल्यावर पहिल्या ऑक्टोबरात खालच्या पट्ट्यावर थोडी पांढरी भुकटी येईलच. ती आली म्हणून घाबरून गवंड्याला बोलावू नका. भुकटी सफेतीवर मोकळी बसलेली असेल, हाताने झटकली जात असेल आणि खालचा गिलावा भरीव वाजत असेल, तर उरलेले क्षार बाहेर पडताहेत आणि चुना आपलं काम करतोय. कोरड्या ब्रशने झाडा, बाहेर फेका, सफेतीचा एक हात द्या. दुसऱ्या वर्षी ती कमी आली पाहिजे. कमी न होता वाढली, किंवा गिलावा पुन्हा पोकळ वाजू लागला, तर पाण्याची एखादी वाट बघायची राहिली आहे. पेन्सिलच्या जुन्या रेघा आणि तारखा घेऊन बाहेरचा चर, पन्हळ आणि मोरी पुन्हा त्याच क्रमाने तपासा.